क्लचवरची दोन बोटं

टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन पळता पळता जाम झालं, तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं. पुढचं थांबत नाही. गाडी आडवी होते आणि वरचा माणूस फेकला जातो. त्यावर उपाय एकच. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची आणि इंजिनाने चाक धरलं की त्याच क्षणी क्लच दाबायचा. दाबला की चाक मोकळं होतं. हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही. पण एका फेब्रुवारीत शनिवार-रविवारचे दोन दिवस माझी ती बोटं सरळ झाली नाहीत. जेवतानासुद्धा ती वाकडीच राहत होती.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. मी चंद्रपूरला एका कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचं होतं. एक जुनी मोटरसायकल घेऊन, तिचे मडगार्ड काढून, सायलेन्सर कापून, मागचं साखळीचं चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, मोठं बसवून मी ती मातीवर पळवण्यासाठी तयार केली होती. आमच्याकडे झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात पट आटोपल्यावर त्याच मैदानात मोटरसायकलींचीही शर्यत ठेवत. शनिवारी निवडीच्या फेऱ्या, रविवारी अंतिम. पहिल्या येणाऱ्याला मोठा पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आणि फेटा. धानाच्या खाचरांना आमच्याकडे बांध्या म्हणतात; त्यांच्यामधले धुरे, म्हणजे बांध, सपाट करून गोल वाट आखलेली असे. खाली वाळून दगड झालेली काळी माती, मधूनमधून धसकटं, आणि धूळ अशी की पुढच्या गाडीचा नुसता आवाज यायचा.

आदल्या वर्षी त्याच धुळीत माझ्या पुढे एक जण पडला होता. वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. दुसऱ्या वळणाच्या आधी भाऊंचं इंजिन जाम झालं, ते पडले, आणि मी त्यांच्या मागे दोन गाड्यांच्या अंतरावर होतो. माझं पुढचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. त्यांना आधी ब्रह्मपुरीला आणि मग नागपूरला नेलं. नागपूरला त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पंधरा दिवसांनी मी मोसंबी घेऊन नागपूरच्या त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. फाटकाशी बराच वेळ उभा राहिलो. मग बाजूला बसलेल्या एका अनोळखी बाईच्या हातात पिशवी दिली आणि चंद्रपूरची गाडी पकडली. त्यानंतर वर्षभर मी भाऊंना भेटलो नाही आणि कुठल्या शर्यतीतही उतरलो नाही.

माझी मोठी बहीण ब्रह्मपुरीला नर्स होती. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. भाऊंना पहिल्यांदा दवाखान्यात आणलं तेव्हा त्यांचा पाय धरून बसलेली तीच. पुढच्या जानेवारीत तिचं पोस्टकार्ड आलं. तिने लिहिलं होतं, शर्यत ठरली आहे, औषधांची पेटी घेऊन मैदानात बसायला मला सांगितलं आहे, भाऊ दुसऱ्या वळणावर झेंडी घेऊन उभे राहणार आहेत, तू येतोस की नाही ते कळव. एवढंच. ते कार्ड मी वर्कशॉपात खिशात घेऊन चार दिवस फिरलो. नाही म्हणालो तर पुन्हा कधीच गाडीवर बसणार नाही, हे मला कळत होतं. हो म्हणालो तर भाऊंच्या समोरून प्रत्येक फेरीला जावं लागणार होतं. शेवटी येतो म्हणून कळवलं, आणि त्या दिवसापासून मला नीट जेवण जाईना.

शनिवारी उजाडता उजाडता चंद्रपूरहून निघालो. मूलपर्यंत गाडी चांगली चालली. मूल सोडून सिंदेवाहीकडे निघालं की जंगल लागतं. दोन्ही बाजूंना बांबू, मध्ये साग, रस्त्यावर कोणी नाही. थंडी होती. एका उतारावर गाडी एकदम हलकी वाटायला लागली. इतकी छान ती कधीच पळाली नव्हती. मला बरं वाटलं. तेवढ्यात खालून कोरडा चिरका आवाज आला आणि मागचं चाक थांबलं.

मी क्लच दाबला, पण उशिरा. गाडी रस्त्यावर काळी रेघ ओढत कडेला गेली आणि डाव्या अंगावर पडली. पाचोळ्यामुळे वाचलो. गुडघा सोलला, कोपराला मुका मार बसला, बाकी काही नाही. गाडी उभी केली तर किक दगडासारखी घट्ट. इंजिनावर हात धरवत नव्हता. ते निवण्याची वाट बघत मी मैलाच्या दगडावर बसलो.

अर्धा तास रस्त्याने कोणी आलं नाही. बांबूत कुठेतरी वानरं खेकसायला लागली. त्या पट्ट्यात वाघ आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक, आणि वाघाची भीती मला वाटली नाही असं म्हणणार नाही. मी पान्हा हातात घेऊन बसलो होतो. पण खरं सांगायचं तर नजर त्या काळ्या रेघेवरच होती. ती दहा-बारा हात लांब होती. तेवढ्यात मागून एखादा ट्रक आला असता तर, हेच डोक्यात फिरत होतं. वर्षभर मी मागून येणाऱ्याच्या जागेवरून तो अपघात बघत होतो. त्या सकाळी पहिल्यांदा पुढच्याच्या जागेवरून बघितला.

इंजिन निवलं, किक सुटली, गाडी चालूही झाली. आता घरी परत जायला चांगलं कारण होतं. गाडीच बिघडली म्हटल्यावर कोणी काही बोललं नसतं. मी गाडी चंद्रपूरकडे वळवलीसुद्धा. पन्नासेक पावलं गेलो आणि ते मोसंबीचं फाटक आठवलं. पुन्हा तोंड फिरवलं. सिंदेवाही, नागभीड करत ब्रह्मपुरीपर्यंत सायकलच्या वेगाने आलो. आवाज जरा बदलला की क्लच दाबत होतो. सत्तर वेळा तरी दाबला असेल.

बाईने गुडघा धुऊन औषध लावलं. काय झालं ते तिला सांगितलं, वळवलेल्या गाडीचं सांगितलं नाही. तिने वांग्याची भाजी आणि भात वाढला, मला चार घास गेले. मग तिच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गेलो. राइस मिलची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. त्यांनी सिलिंडर काढला, पिस्टन उजेडात धरला आणि मला दाखवला. एका बाजूने वरपासून खालपर्यंत नखांनी ओरबाडल्यासारख्या रेघा होत्या. नवा पिस्टन नागपूर नाहीतर चंद्रपूर याशिवाय मिळणार नव्हता, आणि पहिली फेरी चार वाजता होती. मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्या रेघा घासून काढल्या. मी कार्बोरेटर उघडला. जेटमध्ये कचऱ्याचा एक कण अडकला होता. पेट्रोल कमी जायचं, इंजिन तापायचं, पिस्टन फुगून बसायचा. मला केवढं हायसं वाटलं. कारण सापडलं होतं.

मिस्त्रींनी तो कण नखावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "कचरा होता हे खरं हाये. पण हेच कारन हाये असं मी नाई म्हनत."

चार वाजता मैदानात गेलो. बाजूच्या बांध्यांत लाखोळी डाळीचं पीक उभं होतं, तिथल्या धुऱ्यांवर माणसं दाटीने बसली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, भजी तळणारे. बाई एका बाभळीखाली पेटी घेऊन बसली होती. मी कुणाकडे न बघता गाडी रेघेवर नेली. सहा जण होतो, त्यातले चार पुढे जाणार. आणि मग दुसऱ्या वळणाकडे नजर गेलीच. लाल कापडाची झेंडी, पांढरा सदरा, काखेत कुबडी.

त्या फेरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी घाबरून गाडी चालवली. सरळ पट्टीवर सगळे ॲक्सिलरेटर पूर्ण पिळत होते तेव्हा मी पाऊणच पिळत होतो. दुसऱ्या वळणावर तर प्रत्येक वेळी वाटायचं, आता इंजिन धरणार, इथेच धरणार, त्यांच्या पायाशी. मी चौथा आलो. धुऱ्यावरून कोणीतरी ओरडलं की याला बैल जुंपा. माणसं हसली. शेवटच्या फेरीत इंजिन किंचित आवळल्यासारखं वाटलं होतं, पण ते खरं होतं की भीतीने वाटलं, हे मला सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी पुन्हा सिलिंडर काढला. पिस्टनवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग म्हणाले, काल आपण रेघा पुसल्या होत्या, या नव्या आहेत. म्हणजे कचरा हे कारण नव्हतं, किंवा एकटं तेच नव्हतं. तासभर शोधल्यावर सापडलं. मॅग्नेटच्या मागचं रबरी सील वाळून चिरलं होतं. तिथून इंजिन आत हवा ओढत होतं आणि पेट्रोल अपुरं पडत होतं. रविवारी सील कुठून मिळणार? त्यांनी चिरेवर ग्रीस भरलं, जेटचं भोक सुईने अंदाजाने मोठं केलं, पेट्रोलमध्ये ऑइल वाढवायला सांगितलं. मी विचारलं, एवढ्यावर बारा फेऱ्या निघतील का?

"निघतील बी, नाई बी," ते म्हणाले आणि हात पुसायला गेले.

बाई दारात उभी राहून ऐकत होती. घरी आल्यावर मी तिला म्हणालो की माझे हात थरथरत आहेत, मी नाव मागे घेतो. मला वाटलं होतं ती लगेच बरं म्हणेल. तिने माझे हात हातात घेऊन पाहिले, नाडी बघतात तसे.

"भेव वाटून राह्यलं तं वाटू दे," ती म्हणाली. "ज्याईले वाटत नाई त्याईलेच टाके घालाची पाळी माह्यावर येते. नाव मागं घ्याचं तं घे. पण भाऊले भेटल्याबिगर चंद्रपूरले जाशील तं माह्या घरी पुन्हा येऊ नको."

मैदानात पोचलो तेव्हा अंतिम फेरीला तास होता. मी भाऊंना शोधायला गेलो नाही. गाडीशी उगीच खुडबुड करत बसलो. तेच आले. कुबडीचा आवाज मातीवर येत नाही, त्यामुळे ते अगदी जवळ येईपर्यंत मला कळलं नाही. मी उठून उभा राहिलो. वर्षभर जे बोलायचं ठरवलं होतं त्याऐवजी मी हात फडक्याला पुसत राहिलो. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, कितीदा धरलं? मी म्हणालो, एकदा पुरतं, कदाचित काल पुन्हा थोडं. कुठे, कसं, ते विचारत गेले. उताराचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"धराच्या आधी गाडी हलकी झाली होती का? लई मस्त पळून राह्यली असं वाटलं?"

मी हो म्हणालो.

"तेच," ते म्हणाले. "माही बी तशीच झाली होती. मंग आवाज कोरडा होते. मले तो आवाज आला होता. सरळ पट्टीवर आला, वळणाच्या कितीक आधी. पुढं दोघंच होते, म्हून मी आयकलाच नाई असं केलं." मग म्हणाले, "हे मी कोनाले सांगतलं नाई. बायकोले बी नाई. तुले सांगून राह्यलो कारन तुह्या मागं बी कोनी राहीन."

एवढं बोलून ते झेंडी घेऊन आपल्या वळणाकडे गेले. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता मला नेमकं काय ऐकायचं ते कळलं होतं, आणि ते ऐकू येईल याची धास्ती बसली. तरी नाव मागे घेतलं नाही. त्यांनी ते सांगितल्यानंतर मला ते जमलं नसतं.

अंतिम फेरीत आठ गाड्या होत्या. सुटताना मी सहावा होतो. पहिल्या तीन फेऱ्या इंजिन जड होतं, ऑइल जास्त झाल्याने निळा धूर सोडत होतं. गाडी जड चालते आहे याचा मला आनंद होत होता, असं शर्यतीत याआधी कधी झालं नव्हतं. जड म्हणजे सुरक्षित. दोघं वळणावर घसरून मागे पडले, मी चौथा झालो. सहाव्या फेरीत धुळीतून एकाच्या बाजूने निघालो आणि तिसरा झालो. दुसरं वळण आलं की भाऊंचा पांढरा सदरा दिसायचा आणि जायचा. मी बघत नव्हतो, तरी दिसायचा.

आठव्या फेरीत गाडी हलकी झाली.

सरळ पट्टी सुरू झाली आणि ती एकाएकी निसटल्यासारखी पुढे गेली. पुढची गाडी माझ्याकडे येते आहे असं वाटलं. मी तिच्या बाजूने निघालो, दुसरा झालो. धुऱ्यावरची माणसं उभी राहिली, काल हसणारीच असतील. उजवी मूठ पिळलेलीच होती. मग तो आवाज आला. भाऊंनी सांगितला तसाच, कोरडा, तेल नसलेल्या रहाटासारखा. बोटं क्लचवर होती. मी दाबला नाही. किती वेळ? बांधी-दोन बांध्यांचं अंतर गेलं असेल. पुढे एकच गाडी होती. मला वाटलं, एवढं वळण पार होऊ दे.

मग पांढरा सदरा दिसला आणि बोटं आपोआप आवळली गेली. मी क्लच सोडून पुन्हा अजमावून बघितलंच नाही. इंजिन खाली केव्हाच बंद पडलं होतं. चाक तेवढं फिरत होतं. उजवा हात वर केला आणि गाडी उजवीकडे, वाटेच्या बाहेर जाऊ दिली. मागून येणारा नागपूरचा एक जण होता. तो माझ्या अंगाला घासून गेला. त्याच्या हँडलचा दणका कोपरावर बसला, कालच्याच जागी. हातभर डावीकडे असतो तर तो माझ्यावरून गेला असता. गाडी धसकटांत जाऊन उभी राहिली. मी पडलो नाही.

भाऊ कुबडी टेकत, झेंडी हलवत, बाकीच्यांना बाहेरच्या बाजूने काढत माझ्यापर्यंत आले. मी गाडीवरच बसून होतो. उतरता येत नव्हतं, कारण डावा हात क्लचवरून सुटत नव्हता. मला तो उघडता येईना. त्यांनी झेंडी मातीत रोवली आणि माझं एकेक बोट धरून सोडवलं. मग मला एकदम हुडहुडी भरली. फेब्रुवारीतल्या दुपारच्या उन्हात माझे दात वाजत होते. बाई पेटी घेऊन पळत आली. तिने कोपर हलवून पाहिलं, डोळे पाहिले, आणि माझ्या खांद्यांवर तिची शाल टाकली. शर्यत त्या नागपूरवाल्याने जिंकली, असं नंतर कळलं.

गाडी मिस्त्रींकडे ठेवली. या वेळी इंजिन निवल्यावरही किक हलली नाही. भाऊ बाईला म्हणाले की याला चहाला घरी नेतो. ते मैदानात कुणाच्या तरी बैलगाडीवरून आले होते, ती गाडी निघून गेली होती. बाईची सायकल होती. म्हणून मी सायकल चालवायची आणि भाऊंनी मागे कॅरियरवर बसायचं, असं ठरलं. कुबडी त्यांनी मांडीवर आडवी धरली.

दोन कोस रस्ता. गिट्टी, खड्डे, मध्ये एक कोरडा नाला. ते दोन कोस मी ज्या भीतीने गेलो तशी दोन दिवसांत कुठेच वाटली नव्हती. ते एका बाजूला तोंड करून बसले होते, एक पाय लोंबता, दुसरीकडे नुसता मुडपलेला पायजमा. मी पाडलं तर ते स्वतःला सावरू शकणार नव्हते. नाल्यात उतरताना मी म्हणालो की खाली उतरून हातात धरून नेतो. ते म्हणाले, चाल, मी धरून आहे. त्यांनी माझा सदरा पाठीवर मुठीत धरला होता.

घराला लागूनच दुकान. त्यांची बायको अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. भाऊंनी माझी ओळख करून दिली नाही, आणि तिने विचारली नाही. ती ओळखून होती. मी खाटेच्या काठावर बसलो. भाऊ दुकानापुढे बसून एका सायकलचं चाक फिरवून बघायला लागले. ती आत गेली, चहा ठेवला असावा, आणि पुन्हा बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"एक इचारतो तुमाले," ती म्हणाली. "ब्रेक नवता का तुमच्या गाडीले?"

भाऊंचं चाक फिरायचं थांबलं.

होता, मी म्हणालो. मग तिने विचारलं, काऊन नाही दाबला? धुळीत दिसलं नाही, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत आलो होतो. पोलीस पाटलाला, बाईला, वर्कशॉपात. तेच उत्तर जिभेवर होतं. पण भाऊ मैदानात जे बोलले त्यानंतर ते निघेना. मी सांगितलं की दिसलं होतं. ते पडताना मला दिसले. आतल्या बाजूने जागा आहे, तिथून निघालो तर पुढे जाता येईल, असं वाटलं. ब्रेक दाबला असता तर मागे पडलो असतो. वाटली तेवढी जागा नव्हती.

हे बोलताना मी जमिनीकडे बघत होतो. तिच्या पायांजवळ सूप होतं, डाळीवर माशी बसली होती. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल आणि तेच बरोबर होईल. ती आत गेली. भांड्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग तिने चहाच्या दोन पितळ्या आणल्या, एक माझ्यापुढे ठेवली, एक भाऊंना दिली. चहा उकळून उकळून काळा झाला होता. भाऊ माझ्याकडे न बघता तो फुंकत बसले. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, आणि केली नाही असंही नाही. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी त्याच्या सायकलचं पंक्चर काढलं. मी पाण्याचं घमेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

निघताना बायको दारापर्यंत आली. म्हणाली, दिवस मावळायच्या आत जा, नाल्याजवळ गिट्टी सैल आहे.

सोमवारी मी वर्कशॉपला गेलो नाही. मंगळवारी सील आणि पिस्टन घेऊन ब्रह्मपुरीला परत आलो आणि गाडी नेली. त्यानंतर आणखी दोन वर्षं शर्यतीत उतरलो. एकदा दुसरा आलो. मग बदली झाली, लग्न झालं, शर्यती सुटल्या. ब्रह्मपुरीला गेलो की भाऊंकडे मात्र जात राहिलो. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यांची बायको अजून त्याच घरात आहे. तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. गेलो की बसायला सांगते, चहा देते, मुलांची चौकशी करते. मी साठी ओलांडली. तरी आजही त्या अंगणात मी खाटेच्या काठावरच बसतो, आणि ती आत चहा ठेवायला गेली की बाहेर येऊन काय विचारेल याची मी वाट बघत बसतो.